दुसरीतल्या मुलीसाठी मराठी पुस्तकं कुठली आणू?

घणसोलीच्या ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते काय लिहिलंय ते. ताईंची मुलगी दुसरीत आहे, इंग्रजी मीडियमला, आणि मुलगा चार वर्षांचा. घरात सगळे मराठीच बोलतात. मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी प्रदर्शनातून संस्कार कथांचा दहा पुस्तकांचा सेट आणला, त्यातलं एक उघडलं गेलं, बाकीची तशीच पडून आहेत. मुलगी मराठी अक्षरं जुळवत जुळवत वाचते, दोन ओळी झाल्या की "आई तूच वाच ना" म्हणते, आणि ताई म्हणतात नाही, तूच वाच, नाहीतर सवय कशी लागणार. मुलगा नुसती चित्रं बघतो आणि एकच पुस्तक परत परत आणून देतो. सासरे म्हणतात आमच्या वेळची पुस्तकं द्या, आताच्यात काही दम नाही. ताईंचे प्रश्न तीन आहेत: मराठीत मुलांसाठी नवीन काही चांगलं येतं का, कुठली पुस्तकं घ्यायची, आणि मुलीकडून रोज किती पानं वाचून घ्यायची.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकी सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. एकही पान वाचून घेऊ नका. ती "आई तूच वाच" म्हणते ना, मग तुम्हीच वाचा, आणि मनापासून वाचा, उपकार केल्यासारखं नको. तुमची मुलगी मराठी ऐकायला लागली जन्मल्यापासून आणि वाचायला लागली आत्ता कुठे, म्हणजे तिचा कान सात वर्षांचा आहे आणि मराठी वाचणारा डोळा जेमतेम वर्षाचा. तिला ऐकून जेवढी गोष्ट समजते त्याच्या पाव भागसुद्धा तिला स्वतः वाचून समजत नाही, कारण सगळी शक्ती काना, वेलांटी आणि जोडाक्षरात जाते, तिसरा शब्द जुळवेपर्यंत पहिला विसरलेला असतो. मग तिला काय वाटतं, की मराठी पुस्तक म्हणजे हे असं अडखळत चालणारं कंटाळवाणं काहीतरी. इंग्रजीत ती पुढे आहे त्यामुळे तिकडे गोष्टी मोठ्या आणि मजेदार, आणि मराठीत तिच्या वाट्याला येतं "कमल घर बघ." कोण वाचेल? तुम्ही वाचून दाखवलंत की ती तिच्या वयाची खरी गोष्ट मराठीत ऐकते, आणि तिचं लक्ष पानावर असतं तेव्हा शब्दांचे आकारही तिच्या नजरेखालून जात राहतात. वाचता वाचता बोट ओळीखालून सरकवत न्या, बस, त्याच्यावर एक शब्द बोलू नका. एक दिवस ती तुमच्या आधी पुढचा शब्द म्हणेल. तेव्हासुद्धा "अरे वा, आता तूच वाच पुढे" असं म्हणू नका प्लीज, कारण तसं केलं की गोष्टीची परत परीक्षा होते.

आणि वाचून झाल्यावर "काय शिकलीस?" हे विचारायचंच नाही. हे मी अगदी हात जोडून सांगते. मी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, आणि गोष्ट संपल्यावर मुलं किती वेळा अंग चोरून बसलेली असतात कारण त्यांना वाटतं आता प्रश्न येणार. दोन-तीन रविवार प्रश्न आले नाहीत की मगच ती स्वतःहून बोलायला लागतात.

आता तुमच्या त्या सेटबद्दल. त्यात मुलीची काही चूक नाही, तुमचीही नाही, प्रदर्शनात समोर तेच ढीग मांडलेले असतात आणि दहा पुस्तकं एवढ्या स्वस्तात म्हटल्यावर कुणीही घेईल. पण घरी जाऊन त्यातलं एक हातात घ्या आणि मुखपृष्ठावर बघा, लेखकाचं नाव आहे का? चित्रकाराचं आहे का? बहुतेक नसेलच. ज्या पुस्तकावर चित्र काढणाऱ्याचं नाव टाकावंसं कुणाला वाटलं नाही त्या पुस्तकात चित्र हे नुसतं रिकामी जागा भरायला असतं, आणि चार वर्षांच्या मुलाला हे तुमच्या-माझ्या आधी कळतं, कारण तो तेवढंच वाचतो. हो, वाचतोच म्हणतेय मी. तुम्ही लिहिलंय "तो नुसती चित्रं बघतो", ताई, त्या वयात तेच वाचन आहे. चांगल्या चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांत असते आणि अर्धी चित्रात, आणि चित्रातली अर्धी शब्दांत मुद्दाम सांगितलेली नसते. शब्दांत लिहिलेलं असतं "आई रागावली" आणि चित्रात मागे पडद्याआड कुणाचे तरी दोन पाय दिसत असतात. आपण मोठी माणसं मजकूर वाचून पान उलटतो आणि ते पाय मुलाला दिसतात. म्हणून पान उलटायचं काम त्याच्याकडे द्या. त्याचं बघून झालं की तो उलटेल.

पुस्तक घेण्याआधी दुकानात उभं राहून अख्खं वाचून बघा, चित्रपुस्तकाला पाच मिनिटं लागतात. ओठांतल्या ओठांत पण आवाज काढून वाचा. जीभ अडखळली, "तद्नंतर" आणि "हर्षोल्हासित" असलं काही आलं, तर ठेवून द्या. शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेलं असेल तरी ठेवून द्या, माझं याबाबतीत मत फार पक्कं आहे. आणि एक बघा की पुस्तकातलं घर तुम्हाला ओळखीचं वाटतं का. सगळीच पुस्तकं आपल्यासारख्या घरांतली असावीत असं नाही, पण गॅलरीत वाळत घातलेले कपडे, टेकून बसलेले आजोबा, भाजीची पिशवी हे मुलांना पुस्तकात दिसलं की त्यांचे चेहरे बघा एकदा.

आता नवीन काही येतं का. येतं, खूप चांगलं येतं, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही कारण त्याची जाहिरात नसते आणि मॉलमधल्या दुकानात मराठीचं एक कपाट असलं तरी नशीब. सगळ्यात आधी नाव घेईन माधुरी पुरंदरे यांचं. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, आणि त्यामुळे मघाशी म्हटलं ते शब्दांनी आणि चित्रांनी मिळून गोष्ट सांगणं त्यांच्या पुस्तकांत बघायला मिळतं. 2016 मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड पहिल्यांदा दिलं गेलं तेव्हा ते मराठीसाठी होतं आणि त्यांनाच मिळालं. तुमच्या लहान्यासाठी "राधाचं घर" हा छोट्या पुस्तकांचा संच घ्या, ज्योत्स्ना प्रकाशनाचा आहे. राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, एवढंच, पण ती अशी सांगते की मुलं लगेच "आमचे आजोबा पण" करून सुरू होतात. यश नावाच्या मुलाच्या गोष्टीही त्यांच्याच आहेत, त्या तुमच्या मुलीला चालतील आणि मुलालाही. त्यांचंच "चित्रवाचन" म्हणून एक पुस्तक आहे ज्यात गोष्ट लिहिलेलीच नाही, मोठाली चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्रात एकाच वेळी इतक्या माणसांचं इतकं काय काय चाललेलं असतं की एक पान अर्धा तास पुरतं. हे मी तुमच्या मुलीसाठी मुद्दाम सुचवतेय, लहान्यासाठी नाही. कारण इथे अक्षर नाही म्हणजे अडखळणं नाही, आणि मराठीत ती जे सांगेल ते तिचं. तुमच्या लक्षात येईल की तिच्याकडे मराठी शब्द भरपूर आहेत, आतापर्यंत ते बाहेर यायला जागाच मिळत नव्हती.

"बाबाच्या मिशा" हेही त्यांचंच. अनूला आपल्या बाबाच्या मिशांचं प्रचंड कौतुक आहे, मिशी हाच सगळा विषय. आमच्याकडे हे वाचलं त्या रविवारी मुलांनी नंतर स्केचपेनने स्वतःला मिशा काढून घेतल्या, मुलींनी जास्त, आणि एका मुलीने घरी जाऊन आजीला काढली असं तिची आई सांगत होती.

दुसरं नाव प्रथम बुक्स. ही संस्था 2004 पासून मुलांची पुस्तकं कमी किमतीत आणि बऱ्याच भारतीय भाषांमध्ये काढते, आणि 2015 मध्ये त्यांनी स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट सुरू केली, तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड करून प्रिंटही काढता येतात, सगळं कायदेशीर, कारण त्यांनी परवानाच तसा खुला ठेवलाय. पुस्तकांना लेव्हल असते, एक ते चार. एक म्हणजे अगदी थोडे शब्द आणि तेच तेच परत येणारे, चार म्हणजे चांगलं सलग वाचणाऱ्या मुलांसाठी. तुमच्या मुलीला वाचून दाखवायला लेव्हल दोन-तीन घ्या, आणि ती कधी स्वतःहून हातात घेईल त्यासाठी एक ठेवा, तिच्या इयत्तेकडे बघून लेव्हल ठरवू नका. पण तुम्ही लिहिलंय जेवताना मोबाइल लागतो, तर मी म्हणेन स्टोरीवीव्हर तुमच्यासाठी वापरा. रात्री पोरं झोपल्यावर पाच-सहा गोष्टी स्वतः वाचा, त्यातली आवडेल ती प्रिंट काढा किंवा छापील मिळत असेल तर मागवा. मोबाइलवर गोष्ट उघडून दिली की दुसऱ्या मिनिटाला मुलगा कार्टूनवर गेलेला असणार.

प्रथमचीच एक गोष्ट सांगते, रोहिणी निलेकणींची आहे, शृंगेरी श्रीनिवास नावाच्या माणसाची. त्याला केस कापून घ्यायचेत आणि तो एकेकाकडे जातो आणि कुणालाच वेळ नसतो. एवढी साधी गोष्ट, पण ती ऐकताना मुलं गप्प बसूच शकत नाहीत. आमच्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा तिसऱ्या नकारानंतर उठून उभाच राहिला आणि पुस्तकातल्या माणसाला म्हणाला, "अरे माझ्या आईकडे ये ना, ती मशीनने कापते!" पुढच्या पानावर परत नकार आला तेव्हा तर सगळ्यांनीच कपाळाला हात लावला. बघा, इथे तेच ते परत येतं म्हणून मुलांना पुढचं आधीच कळतं आणि कळलं की त्यांना ओरडून सांगायचं असतं. तुमचा मुलगा एकच पुस्तक परत परत आणतो ना, त्याचं कारण हेच. पुढे काय होणार ते त्याला माहितीय आणि ते तसंच झालं याचा त्याला आनंद होतो. आणू दे. तुम्हाला कंटाळा येईल, मला माहितीय, तरी वाचा, तो पुस्तकाची भाषा पाठ करतोय.

मराठी घ्यायची की इंग्रजी, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. दोन्ही. यावर घरात भांडण नको. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्वैभाषिक चित्रपुस्तकं असतात, एकाच पानावर इंग्रजी आणि सोबत एक भारतीय भाषा, त्यात मराठीही आहे, ती तुमच्या घराला अगदी योग्य. मुलगी इंग्रजी ओळ वाचेल, तुम्ही मराठी वाचा, आणि मग कुठली जास्त छान वाटते यावर वाद घाला.

कवितांची पुस्तकं मात्र जुनीच घ्या, इथे सासऱ्यांचं बरोबर आहे. विंदा करंदीकरांच्या बालकविता. "एटू लोकांचा देश" आधी आणा, आणि "पिशीमावशी आणि तिची दुनिया" मुलगी थोडी धीट असेल तर रात्री दिवा बारीक करून वाचा, भुताखेतांच्या कविता आहेत आणि मुलांना घाबरायला किती आवडतं हे विंदांना बरोबर ठाऊक होतं. कविता वाचायला मुलांना अर्थ लागत नाही, ताल लागतो, आणि तालात जोडाक्षरं आपोआप जिभेवर बसतात.

सासऱ्यांच्या बाकीच्या यादीबद्दल. "श्यामची आई" 1935 चं आहे, आणि मोठं पुस्तक आहे, आज दुसरीतल्या मुलीच्या हातात देऊन वाच म्हणणं म्हणजे त्या पुस्तकावरही अन्याय. पण आजोबांनी त्यातला एखादा प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगितला तर? पंचतंत्राचंही तेच. त्यांना सांगा की आठवड्यात एक रात्र तुमची, पुस्तकाशिवाय, जेवढं आठवतंय तेवढं सांगा, आणि मध्ये स्वतःच्या गावाच्या गोष्टी घुसडा. हे काम त्यांच्याइतकं चांगलं मी सुचवलेलं कुठलंच पुस्तक करू शकणार नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र जपून ठेवायला सांगा, फुरसुंगीचा बनेश फेणे आणि त्याचं ते "ट्टॉक", तो मुलगी चौथी-पाचवीत गेली की तिला लागणारच आहे.

पुढच्या दोन-तीन वर्षांसाठीही काही नावं डोक्यात असू द्या. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते, मराठीची ती यादी नुसती बघितली तरी नवीन लेखक कळतात. संगीता बर्वेंच्या "पियूची वही"ला 2022 चा मिळाला, भारत सासणेंच्या "समशेर आणि भूतबंगला"ला 2024 चा. आणि "तोत्तोचान", तेत्सुको कुरोयानागींचं, मूळ जपानी, मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढलंय, किंमतही खिशाला झेपणारी. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा असते त्यात. तुम्ही ट्रान्स-हार्बर लोकलने फिरणाऱ्या लोकांनी तर हे मुलांना वाचून दाखवायलाच हवं, रोज रात्री एक प्रकरण. तुमची मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की सुरू करा, पण तुम्ही स्वतः आत्ताच वाचा, शाळेबद्दल आणि मुलांबद्दल तुमचे बरेच प्रश्न त्यात भेटतील.

मासिकंही आहेत. बालभारतीचं "किशोर" 1971 पासून चालू आहे आणि जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत, आजोबांना टॅबवर उघडून द्या, त्यांचा अख्खा दिवस जाईल. लहान्यासाठी "चिकूपिकू" बघा. पोस्टाने किंवा कुरियरने स्वतःच्या नावावर काहीतरी येतं याचंच मुलांना केवढं अप्रूप असतं, पाकीट त्यांनाच फोडू द्या.

लिपीचा सराव व्हावा असं तुम्हाला वाटतंय आणि ते रास्तच आहे, 2020 च्या कायद्यानंतर सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालंय त्यामुळे शाळेचं टेन्शन असणारच. तर तो सराव पुस्तकाबाहेर करा. ठाण्याला येता तेव्हा रबाळे, ऐरोली, दिघा गाव, वाशीकडे जाता तेव्हा कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, स्टेशनची पाटी कोण आधी वाचतं. "कोपरखैरणे" वाचता आलं की पोरगी जग जिंकल्यासारखी बघते, मी बघितलंय. दुकानांच्या पाट्या, रिक्षामागचं लिहिलेलं, दुधाची पिशवी. आणि घरात एक करा, लेव्हल एकचं पुस्तक तिला द्या आणि सांगा की लहान भावाला झोपवायचंय, तू वाचून दाखव. तो तिच्या चुका काढणार नाही, त्याला येतच नाही वाचायला, आणि ती अडखळली तर तो चित्र बघत बसेल. तुम्ही मात्र त्या खोलीत थांबू नका.

मिळतील कुठे. ठाण्यात स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे, तिथे मुलांना घेऊन जा, चौकशी करा, आणि पुस्तक त्यांना स्वतःला निवडू द्या, तुम्हाला अजिबात आवडलं नाही तरी. विकत घ्यायची तर दादरला आयडियल, नाहीतर प्रकाशकांकडून ऑनलाइन. वाशीला भावे नाट्यगृहात किंवा ठाण्यात गडकरीला प्रदर्शन लागलं तर जा जरूर, पण आता ढिगाकडे न जाता चित्रकाराचं नाव शोधा. मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेत भिलार लागतं, पुस्तकांचं गाव, 2017 मध्ये सुरू झालं, लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलीत आणि कुणीही जाऊन बसून वाचायचं. तिथे बालसाहित्याचं घर कुठलं ते विचारा आणि निघायची घाई करू नका. आणि सोसायटीत चार घरं जमली तर प्रत्येकाने पाच पुस्तकं घेतली की वीस होतात, दर महिन्याला पेटी पुढच्या घरी, गणपतीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढून बघा.

सगळी एकदम घेऊ नका. या महिन्यात "राधाचं घर" आणि "चित्रवाचन" घ्या आणि पुढच्या महिन्यात विंदा. स्टोरीवीव्हर तर आज रात्रीच उघडा, त्याला पैसे लागत नाहीत. ही पुस्तकं कपाटात उभी लावू नका, मुलांना कण्याकडून पुस्तक ओळखता येत नाही, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी टीव्हीखाली किंवा पलंगाच्या कडेला ठेवा, त्यांच्या हाताला लागतील अशा उंचीवर. फाटलं तर सेलोटेप आहे. आणि तो दहाचा सेट देऊन टाकायचा का असं मनात असेल तर थांबा, त्यातली चित्रं कापून मुलीला म्हणा आता याची तू गोष्ट कर, वेगळी, तुला हवी तशी, आणि ती सांगेल ते तुम्ही मराठीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. ते वाचताना ती अडणार नाही, तिचंच आहे ना.